नाक खुपसा! नाशिककरांचे आवडते-नावडते वास

सिनेमा कसा होता, मिसळ कुठली झणझणीत, यावर आपण तासन् तास भांडतो. वासाबद्दल मात्र दोनच वाक्यं: छान येतोय, नाहीतर घाण येतेय. माणसाच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) असतात. त्यांच्यामागची जनुकं शोधून काढणाऱ्या रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ मध्ये नोबेल मिळालं. एवढी यंत्रणा घेऊन आपण फक्त दूध नासलंय का, ते बघतो!

म्हणून हा धागा. पहिल्या पावसातला मातीचा वास सगळ्यांनाच आवडतो, तो इथे आणायचा नाही. महागडी अत्तरंही नकोत. रोजचं सांगा, ठिकाणासकट. नावडतंही सांगा, आणि नाकाशिवाय हात-कान काही म्हणत असतील तर तेही चालेल.

माझ्यापासून सुरुवात. रविवार कारंज्याकडून मेनरोडला जाताना चिवड्यासाठी खोबऱ्याचे काप नि कढीपत्ता तळण्याचा वास आला की मी चाल मंद करते. चिवडा घेतेच असं नाही. नावडतं: थर्मोकोलवर थर्मोकोल घासल्याचा आवाज. लिहितानाही दात शिवशिवले.

निफाडची सून
माहेर नाशकात, सासर द्राक्षवाल्यांचं. लग्नाआधी द्राक्षाच्या फुलाला वास असतो हे माहीतच नव्हतं. ऑक्टोबर छाटणीनंतर महिना-सव्वा महिन्यानं घड फुलोऱ्यात येतात. फूल इतकं बारीक आणि हिरवट की दाखवल्याशिवाय दिसत नाही. पण सकाळी सकाळी बागेत शिरलं की फिकट गोडसर वास असतो, ऊन चढलं की गेला. आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "असतो का?" त्यांचं निम्मं आयुष्य भुरी आणि डावणी या बुरशीरोगांवरच्या फवारण्यांत गेलं, नाक कुठून शिल्लक राहणार.

नावडता वास अर्थात गंधकाचा. धुरळणी झाली की शर्टाची कॉलर धुऊनही तो सोडत नाही. सासऱ्यांना मात्र तो वास घरात आला की बरं वाटतं, बाग राखली गेली म्हणून. पुढे पॅकिंगच्या दिवसांत पेटीत मालावर जो कागद ठेवतात तोही गंधकाच्याच घराण्यातला. त्यातून हळूहळू सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि मण्यांना बुरशी लागत नाही. नवा पुडा फोडला की नाकात झिणझिण्या येतात. तुम्ही शहरात पेटी उघडून "अहाहा" म्हणता ना, त्याआधी आम्ही बऱ्याच शिंका दिलेल्या असतात.

इंदिरानगरचा वैतागलेला
सप्तपर्णी. बस्स. ऑक्टोबर उजाडला की संध्याकाळनंतर खिडकी उघडायची सोय नाही. डोकं भणभणतं. रस्त्याकडेला रांगेनं ही झाडं लावायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला एक रात्र आमच्या गॅलरीत झोपवा.

कॉलेजरोडवरून
दादा, मला तोच वास आला की दिवाळी जवळ आल्याचं कळतं. एक झाड दुरून फार सुरेख वाटतं, अडचण रांगेची आहे. शांतिनिकेतनात पदवीदानाला याच झाडाचं पान द्यायची प्रथा आहे, एवढा तरी मान ठेवा.

इंदिरानगरचा वैतागलेला
पानं खुशाल द्या हो. फुलं तेवढी तिकडेच ठेवा.

प्रेसवाले काका
नोकरी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये झाली. १९२८ पासून तिथे नोटा छापतात. लोक म्हणतात, पैशाचा वास केवढा छान! आमच्या लेखी तो शाईचा आणि सुती कागदाचा, म्हणजे ड्यूटीचा वास. तरी एटीएममधून कोरी नोट निघाली की सौ. आधी मोजतात, मी आधी हुंगतो.

सातपूर फिटर
आमचं नाक लेथवर घडलं. गरम लोखंडावर कूलंट पडल्यावर उठणारी वाफ मला आवडते, घरच्यांना नाही. दारातच कपडे बदलायचे हा आमच्याकडचा नियम. मला नवल दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. हाताला लोखंडाचा वास येतो म्हणतो ना आपण, एसटीचा दांडा धरून उतरल्यावर वगैरे? तो लोखंडाचा नसतोच. घामानं ओल्या हाताला लोखंड लागलं की कातडीवरच्या तेलकट अंशाची रासायनिक क्रिया होते, त्यातून तो सुटतो. २००६ मध्ये जर्मन संशोधकांनी हे दाखवलं. म्हणजे इतकी वर्षं मी स्वतःचाच वास घेत होतो आणि बिल कंपनीच्या नावावर फाडत होतो.

चाळवाला, लासलगाव पट्टा
कांद्याचा वास म्हटलं की लोकांना डोळ्यांतलं पाणी आठवतं. अख्खा कांदा कुणाला रडवत नाही. चिरल्यावर आतल्या पेशी फुटतात, तेव्हा तो डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. आमचा विषय निराळा. उन्हाळ कांदा एप्रिल-मेत चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरला की पुढचे चार-पाच महिने सगळी भिस्त नाकावर. भर पावसाळ्यात सकाळी चाळीजवळ उभं राहायचं. कोरडा, फोलपटांचा, जरासा तिखट वास असला तर चहा प्यायला मोकळे. त्यात ओलसर गोड झाक आली की समजायचं, कुठंतरी आत सड लागली. वरून सगळा माल लालबुंद, चकाचक दिसतो. डोळ्यांनी कळेपर्यंत शेजारचे दहा-वीस कांदे गेलेले असतात. वडील नुसते चाळीच्या कडेनं चालत जायचे आणि बोट दाखवायचे, "इथं उपसा." मला तेवढं जमत नाही, मी दोन्ही बाजूंनी उपसतो.

सडका कांदा नावडतो हे सांगायला नको. पण बाजारभाव पडलेला असला की चांगल्या कांद्याचाही वास सोसत नाही.

शिक्षिका, नाशिकरोड
२०२१ मध्ये करोनात माझा वास गेला. सुरुवातीला गंमत वाटली. मग दूध उतू जाऊन करपलं, शेजारीण धावत आली आणि मी शेजारच्याच खोलीत वह्या तपासत बसलेले. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन घालतात. ते मला कळणार नव्हतं. तेव्हा गंमत संपली.

डॉक्टरांनी वासाचा व्यायाम सांगितला: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, सकाळ-संध्याकाळ, एकेक वास थोडा वेळ, मन लावून. लवंग सगळ्यात आधी परतली. मधल्या काळात मात्र जे परत येई ते वाकडं. कॉफी जळक्या रबरासारखी, आणि कोथिंबीर तर असह्य. आपल्या जिल्ह्यातून मुंबईला गाड्या भरभरून कोथिंबीर जाते, मी भाजीबाजारात नाकाला पदर लावून! आता बहुतेक सगळं जागेवर आलंय. ओल्या पोछ्याचा आंबूस वास परत आला त्या दिवशी मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवला. कुणाला काही विशेष वाटलं नाही.

इगतपुरीकर
इंद्रायणीचा भात. उकळी आल्यावर, झाकण ठेवायच्या आधी. बाकी काही लिहायची गरज वाटत नाही.

धागाकर्ती
काका, ताई, दादा, झकास चाललंय. एक भर घालते. एकाच वासात थोडा वेळ राहिलं की नाक त्याची दखल घेणं सोडतं. म्हणून पाहुण्यांना आपल्या घराचा वास येतो, आपल्याला नाही. तुमच्या घराचा वास कसा आहे ते बाहेरच्या कुणाला विचारून इथे लिहा. हिंमत असेल तर.

गणेशवाडी, फुलांचा गाळा
ताई, तुमचं बरोबर. गुलाब, शेवंती, निशिगंध, पहाटेपासून ढिगात बसतो पण वास विचाराल तर शून्य. मला येतो तो टेम्पोच्या डिझेलचा आणि शेजारच्या टपरीवरच्या आल्याच्या चहाचा, आणि दोन्ही आवडतात. नावडती गोष्ट वास नव्हे, माणूस आहे. ओंजळभर मोगरा उचलून खोल श्वास घेणारं, "वा वा" म्हणणारं आणि ठेवून पुढच्या गाळ्यावर जाणारं गिऱ्हाईक. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, हे त्यांना घरी कुणी सांगत नाही का? या धाग्यावरची मंडळी बाजारात आली तर कृपा करून आधी पैसे काढा.