ॲव्ह्रो ७४८ फक्त एअरफोर्सचं नव्हतं

वर कुणीतरी लिहिलंय की ॲव्ह्रो ७४८ म्हणजे निव्वळ आपल्या एअरफोर्सचं विमान, पण तसं नाहीये हो, १९६२ साली ते प्रवासी सेवेत पहिल्यांदा आणलं ते अर्जेंटिनाच्या सरकारी एअरलाइननं, आणि आपल्याकडेही एचएएलनं (हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीनं) कानपूरला बनवलेल्या ८९ पैकी काही इंडियन एअरलाइन्सकडे होती. उत्तर कॅनडात तर खडीच्या धावपट्ट्यांवरून वर्षानुवर्षं माल आणि माणसं नेली त्यानं.

मला सगळ्यात भारी वाटतो तो ब्रिटिश एअरफोर्सचा अँडोव्हर, म्हणजे ७४८ वरूनच बनवलेलं मालवाहू विमान! मागे रॅम्प, आणि जीप आत चढवायची असली की मुख्य चाकांचे पाय आखडून विमान चक्क खाली बसायचं, उंट बसतो ना तसं. त्यातली १० पुढे न्यूझीलंडच्या हवाईदलानं घेतली.