जाड पत्रा लावून भागत नाही

उपग्रहातल्या सर्किटभोवती ॲल्युमिनियमचा जाड पत्रा लावला की रेडिएशन टेस्टिंगची गरजच काय, असं कुणी विचारेल. पत्र्याने एकूण डोस, म्हणजे सर्किटमध्ये शोषलं जाणारं एकूण रेडिएशन, कमी होतो हे खरं, पण अंतराळातले अतिवेगवान जड आयन (विद्युतभारित अणू) त्याला जुमानत नाहीत. असा एकच कण मेमरीतल्या शून्याचा एक करू शकतो. लॅच-अप, म्हणजे कणामुळे चिपच्या आत शॉर्टसर्किटसारखी वाट उघडून ती तशीच राहणं, झालं तर करंट एकदम चढतो आणि सप्लाय वेळेत तोडला नाही तर चिप जळते.

हे तपासायला दिल्लीत आययूएसी (इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर) या संशोधन संस्थेच्या पेलेट्रॉन नावाच्या कण-प्रवेगकावर चिपवर आयनांचा मारा करतात. ते आयन सिलिकॉनमध्ये मिलिमीटरचा जेमतेम काही शतांश भागच शिरतात, म्हणून आधी चिपवरचं प्लास्टिक ॲसिडने उतरवावं लागतं. चिपला बाहेरच्या पिनांशी जोडणाऱ्या केसाहून बारीक बाँड वायर शाबूत ठेवून हे करणं, माझ्या मते टेस्टिंगच्या या नोकरीतलं सगळ्यात कसबाचं काम.

डोसची चाचणी कोबाल्ट-६० या गॅमा किरण सोडणाऱ्या किरणोत्सारी स्रोतावर होते. तिथे घाई नडते, कारण काही बायपोलर (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) चिप्स सावकाश दिलेल्या डोसनेच जास्त बिघडतात. सेकंदाला १० मिलीरॅड (रॅड हे डोसचं एकक) या दराने ५० किलोरॅड द्यायला जवळपास दोन महिने लागतात. प्रोजेक्टच्या वेळापत्रकात ते पहिल्या दिवसापासून धरा.