परदेशी ध्वजाच्या बोटीवरून, १२ सागरी मैलांच्या आत हॅम रेडिओ चालेल का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

जानेवारीत माझा मित्र मालदीवहून त्याची शिडाची बोट घेऊन कोचीला येतोय. बोट ब्रिटिश ध्वजाची. कोचीला मी चढणार, मग गोवा, मग मुंबई. माझा जनरल ग्रेडचा हॅम (हौशी रेडिओ) परवाना आहे. छोटा एचएफ (लघुलहरींचा) सेट नि वायरची अँटेना सोबत न्यायची फार इच्छा आहे. खाऱ्या पाण्यावरून २० मीटर बँड कसा जातो हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना कळेल.

मित्राचं म्हणणं, निर्दोष मार्गक्रमणाचा (दुसऱ्या देशाच्या समुद्रातून शांतपणे जाण्याचा) हक्क असताना कोण अडवणार? मी सागरी कायद्याच्या करारातलं कलम १९ काढून वाचलं. किनारी देशाच्या दळणवळणात व्यत्यय आणण्यासाठी केलेली कृती निर्दोष नाही, रेडिओबद्दल एवढंच त्यात दिसलं. हॅमचं नावही नाही. कॉलसाइनपुढे ‘एमएम’ (मेरिटाइम मोबाइल, म्हणजे समुद्रावरचं स्टेशन) लावलं की भागतं का?

शिवाय त्याच्याकडे इरिडियमचा उपग्रह फोन आहे, त्याची मला जास्त धास्ती वाटते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर नुसतं गार्मिन इनरीच (उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र) सापडलं म्हणून एका परदेशी पाहुणीवर कारवाई झाली होती.

—

प्रतिसाद:

फोनचं आधी बघा, तुमची धास्ती रास्त आहे. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय इरिडियम किंवा थुराया भारतात बाळगताच येत नाही, वापरणं लांबच. मित्राला मालदीवमध्ये असतानाच कळवा. कोचीला कस्टम्सपुढे तो आपणहून जाहीर करायचा. सामानात राहून गेला म्हणून कोणी ऐकून घेत नाही.

हॅमचं म्हणाल तर ‘एमएम’ ही फक्त ओळख, परवाना नव्हे. १२ मैलांच्या आत आणि बंदरात भारताचे रेडिओ नियम. बाहेर खुल्या समुद्रात बोट ब्रिटिश, म्हणजे तिथे ऑफकॉमचे (ब्रिटनच्या दूरसंचार नियामकाचे) नियम, आणि तुमचा भारतीय परवाना तिकडे आपोआप चालत नाही. सेप्टच्या (युरोपीय दूरसंचार संघटनेच्या) परस्पर परवाना सवलतीत भारत नाही. दोन्हीकडे कप्तानाची संमती हवीच. डब्ल्यूपीसीला (दूरसंचार विभागाच्या रेडिओ परवाना शाखेला) बोटीचं नाव, ध्वज आणि मार्ग देऊन आत्ताच पत्र टाका. लेखी उत्तर हातात येईपर्यंत सेट फक्त ऐकायला ठेवा.

बोटीचा व्हीएचएफ (बोटींमधल्या संभाषणाचा रेडिओ) मात्र चालू ठेवा, आणीबाणीच्या वाहिनी १६ वर कान हवाच. रात्री कोकण किनाऱ्याला मासेमारीची जाळी फार दूरवर पसरलेली असतात.