मुंग्यांचा बंदोबस्त: घरातला, परसातला, कुळागरातला (माड-पोफळीच्या बागेतला). तुमचे अनुभव लिहा

मिरग (मृग नक्षत्र) तोंडावर आला की गोव्यात घरोघरी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची घाई असते. सुकी मासळी, माडाचा गूळ, सोलं, मिरच्या, चिंचेचे गोळे. सामान आत आलं की मागोमाग मुंग्याही येतात. पहिल्या पावसात जमिनीतल्या त्यांच्या बिळांत पाणी शिरतं आणि कोरड्या जागेच्या शोधात त्या आपल्या भिंतींत बिऱ्हाड करतात.

म्हणून हा धागा. एक विनंती आधीच करते. उपाय लिहिताना मुंगी कोणती होती तेही लिहा. लाल की काळी एवढ्याने भागत नाही. कुठे दिसली, कशावर आली, रांगेने चालते की सैरावैरा पळते, चावली का, हे सांगा. साखरेच्या डब्यातली बारीक मुंगी, जास्वंदीवरचा डोंगळा, आंब्यावर पानं शिवून घरटं करणारे तांबडे हुमले आणि अंगणातली डसणारी तांबडी मुंगी ही वेगवेगळी प्रकरणं आहेत. एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही. हुमल्यांना तर औषध घालूच नये असं माझं ठाम मत आहे, पण त्यावर बागायतदारांनी बोलावं.

सुरुवात मी करते. आमचं साखळीचं घर चिऱ्यांचं, मातीत बांधलेलं, वर मंगळुरी कौलं. अशा घराच्या भेगा बुजवू म्हटलं तर आयुष्य जाईल. त्यामुळे सासूबाईंची पद्धत मी सोडलेली नाही: दूध-तूप-गुळाच्या जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या दगडी वाट्यांत. त्यात दोन गोष्टींची भर घातली. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकते, कारण पाण्यावर धूळ आणि तेलकट साय धरली की हलकी मुंगी तिच्यावरून चालत जाते. साबण असला की बुडते. आणि दर आठवड्याला वाट्या घासून पाणी बदलते. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढायला आठवडा-दहा दिवस पुरतात. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे हवं. कपाटावर टाकलेल्या फडक्याचं टोक भिंतीला टेकलं तरी सगळं मुसळ केरात.

मडगाव, निवृत्त शिक्षक

मी प्राणिशास्त्र शिकवत होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. फ्लॅटमध्ये ओट्यावर, बेसिनजवळ, टाइलच्या सांध्यांतून ज्या अगदी बारीक, फिक्या पिवळसर मुंग्या निघतात त्यांच्यावर स्प्रे मारू नका. या जातींत एका वसाहतीत अनेक राण्या असतात. स्प्रेचा त्रास झाला की वसाहत फुटते, एकेक राणी थोड्या कामकरी मुंग्या आणि अळ्या घेऊन दुसऱ्या फटीत जाते, आणि एका जागी होत्या त्या चार जागी होतात. लोक म्हणतात, स्प्रेने मुंग्या वाढल्या. खरंच वाढतात.

रांगेतली मुंगी ही वसाहतीचा छोटासा भाग. राणी आणि अळ्या आत. आतपर्यंत औषध पोचवायचं तर ते मुंग्यांनीच नेलं पाहिजे, आणि नेईपर्यंत त्या जिवंत राहिल्या पाहिजेत. म्हणून आमिष सौम्य हवं. एक कप कोमट पाणी, आठ चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा बोरिक पावडर. कॅरमवर घालतात ती पावडर. त्यात कापसाचा बोळा भिजवून बाटलीच्या बुचात ठेवायचा, रांगेच्या शेजारी. पहिल्या दिवशी मुंग्यांची झुंबड उडते. तेव्हा हात लावू नका, पुसू नका, त्यांना खाऊ द्या. पुढच्या आठवडाभरात रांग विरळ होत जाते. पावडर जास्त घातली तर मुंग्या वाटेतच मरतात आणि सगळा खटाटोप फुकट जातो.

कधी कधी त्या गोडाला तोंडच लावत नाहीत. तेव्हा एका कागदावर साखरेच्या पाण्याचा थेंब आणि शेजारी चिमूटभर जवळा ठेवून बघा. जवळ्याकडे वळल्या तर तीच पावडर शेंगदाण्याच्या कुटात किंवा उकडलेल्या अंड्याच्या बलकात अगदी कमी प्रमाणात कालवायची. लहान मुलं आणि मांजर-कुत्र्यांच्या तोंडी लागणार नाही अशाच जागी ठेवा. बोरिक पावडर पोटात जाणं वाईट.

म्हापसा

सरांच्या म्हणण्याला जोडून. मुंग्यांच्या खडूबद्दल कुणी बोलत नाही. त्यात पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं आणि मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही. मांजर रेघेवर बसतं, मग अंग चाटतं. आमच्या मांजरीला कापरं भरलं, लाळ गळू लागली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न खडूचाच विचारला. ती वाचली. ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांना कळवळून सांगते, खडू घरात आणू नका. मुंग्यांचं जेल वापरत असाल तर तेही ओट्याच्या आत, बिजागरीपाशी. बाल्कनीतल्या फुलझाडांजवळ नको, त्यातलं फिप्रोनिल मधमाश्यांना घातक आहे.

वाळपई

रवा खाऊन मुंगी फुगून मरते, हे खरं नाही. मुंग्या रवा मजेत नेतात. पण नेतात म्हणूनच तो परसात कामाला येतो. तांबड्या भाजीचं बी वाफ्यात फेकलं की संध्याकाळपर्यंत निम्मं मुंग्यांच्या बिळात. आमची आई बी राखेत घोळवून पेरायची आणि वाफ्याच्या कडेने तांदळाची कणी, रवा टाकायची. मुंग्या कडेचं वेचत बसतात, तोवर बी रुजतं. मीही तेच करतो.

सांगे, काजू आणि कुळागर

हुमल्यांवर लिहायला सांगितलंत, बरं केलंत. मनापासून लिहितो.

आमच्या काजूच्या बागेचा एक भाग घरालगत आहे आणि एक टेकडीच्या उतारावर. उतारावरच्या झाडांना हुमले आहेत, घराकडच्यांना नव्हते, कारण पोरं खेळतात म्हणून त्यांची घरटी जाळली जायची. काजूला पालवी आणि मोहर येतो तेव्हा ढेकण्या (रस शोषणारा किडा) पडतो. कोवळ्या देठातला रस शोषतो, तिथे काळा डाग पडतो, मोहर करपून काळा होतो. घराकडची झाडं दर वर्षी करपायची. उतारावरची हिरवी. माती तीच, खत तेच. बघायला म्हणून मी मोहराच्या दिवसांत उतारावरच्या झाडाखाली सकाळ काढली. ढेकण्या फांदीवर उतरला की पाच-सहा हुमले धावून येतात, एकेक पाय धरून ताणतात. उडाला नाही तर संपला.

त्यांचं घरटं कसं होतं तेही बघण्यासारखं आहे. दोन पानांच्या कडांवर हुमले ओळीने उभे राहतात. पुढचे पाय आणि जबडा पलीकडच्या पानात रोवून मागे रेटतात. अंतर जास्त असेल तर एकमेकांची कंबर धरून साखळी करतात. कडा जवळ आल्या की आतून दुसरे येतात, प्रत्येकाच्या तोंडात एक अळी. ती अळी या कडेला टेकवतात, त्या कडेला टेकवतात, विणकराच्या हातातल्या धोट्यासारखी. तिच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने पानं शिवली जातात. मोठ्या मुंगीला रेशीम काढता येत नाही.

हे शहाणपण जुनं आहे. चीनमध्ये संत्र्या-लिंबांच्या बागांसाठी याच मुंग्यांची घरटी चटईच्या पिशव्यांत भरून बाजारात विकत असत, असं इ.स. 304 च्या समजल्या जाणाऱ्या एका चिनी लिखाणात आहे.

मी घराकडच्या झाडांवर हुमले पुन्हा बसवले. एकाच वसाहतीची झाडं सुंभाने जोडायची, म्हणजे जमिनीवर न उतरता त्यांना ये-जा करता येते. वेगळ्या वसाहतीचं झाड मात्र जोडू नका, मरेस्तोवर भांडतात. नुसतं एखादं घरटं कापून आणून टांगलं तर काही काळाने विरतं, कारण राणी अनेक घरट्यांपैकी एकातच असते. आणि एकीकडे हुमले, दुसरीकडे कीटकनाशकाचा फवारा, असं चालणार नाही.

त्रासही सांगतो. हुमला चावतो आणि चाव्यावर फॉर्मिक आम्ल सोडतो, डोळ्यात गेलं तर फार झोंबतं. खवले कीड आणि पिठ्या ढेकूणही ते काही झाडांवर पाळतात. म्हणून घराच्या वाटेवरच्या आंब्यावर, लिंबावर मी त्यांना ठेवत नाही. छाटणी करून फांद्या सुट्या करतो, खोडाला प्लास्टिकची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावतो. ग्रीस थेट सालीला लावू नका, साल कुजते.

डिचोली

मानकुराद आंबे काढायला चढणारा माणूस आमच्याकडे हाता-पायांना राख चोळून चढतो. शर्टाच्या बाह्या बांधलेल्या. राखेवर हुमल्यांचे पाय ठरत नाहीत. बाकी झाडाला हात लावत नाही.

पर्वरी, तिसरा मजला

माझी जास्वंद कुंडीत आहे, तिच्यावर डोंगळे. वाटायचं, डोंगळे कळ्या खातात. मुलीच्या भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं. देठावर पिठ्या ढेकणांची पांढरी रांग, डोंगळा आपल्या मिशांनी ढेकणाच्या पाठीवर हलकेच टकटक करतो, ढेकणाच्या मागून पारदर्शक थेंब येतो, डोंगळा पितो. या गोड थेंबांसाठी ते ढेकणांची राखण करतात. त्यांना खाणारे ढालकिडे आले की हाकलून लावतात. तोच चिकट रस पानांवर पडून काळी बुरशी धरते.

तेव्हा आधी ढेकूण काढा. मी जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढले, मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी पानांच्या खालून फवारलं, आठवड्याच्या अंतराने. ढेकूण गेले तसे डोंगळे आपणहून गेले.

सांगे, काजू आणि कुळागर

पर्वरीच्या ताई, अगदी बरोबर. कुळागरात हेच अननसावर आणि केळीवर होतं. अननसाच्या बुंध्याशी पिठ्या ढेकूण, वर मातीचा आडोसा मुंग्यांनी केलेला. ढेकणांमुळे झाड लालसर पडून मलूल होतं. केळीवर मावा असतो. पर्णगुच्छ रोगाचा विषाणू हाच मावा पसरवतो आणि मुंग्या त्याची राखण करतात. म्हणून केळीच्या खुंटाशी मुंग्यांची वर्दळ दिसली की मी सुकी सोपटं काढून आत बघतो.

वास्को

पंपाच्या स्विचमध्ये काळ्या, लांब पायांच्या, वेड्यासारख्या इकडेतिकडे धावणाऱ्या मुंग्या. चाप दाबला तरी पंप सुरू होईना. उघडल्यावर आत मेलेल्या मुंग्यांचा गोळा. बोर्डात स्प्रे मारू नका, पाणी नको. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून साफ करून घेतलं, वायरची भोकं सिलिकॉनने बुजवली, आमिष बाहेर कंपाउंडला ठेवलं.

काणकोण

तांबड्या, डसणाऱ्या मुंगीबद्दल. अंगणात भुसभुशीत मातीचा छोटा ढीग, पाय पडला की एकदम सगळ्या वर. जळजळ होते आणि दुसऱ्या दिवशी पुळीत पू दिसतो. पुळी फोडू नका. चेहरा सुजला, श्वास लागला तर वेळ न घालवता हॉस्पिटल गाठा, काहींना या विषाची जबर ॲलर्जी असते. ढिगावर सकाळी लवकर उकळतं पाणी ओततो, पाण्याचा मोठा टोप लागतो, पुन्हा ओतावं लागतं. आजूबाजूचं गवत आणि मुळं मरतात, म्हणून झाडाच्या बुंध्याशी असेल तर हा उपाय नको.

फोंडा

चवथीचं सांगते. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं) सामान रानातून येतं, सुपारीच्या शिपट्यांत (घोसांत) आणि रानवेलींत हुमले लपून येतात. मग गणपतीपुढे आरतीला उभं राहिलं की वरून मानेत पडतात. आता आम्ही सगळं आदल्या दिवशी पडवीबाहेर ताडपत्रीवर झटकतो आणि रात्रभर बाहेरच टांगून ठेवतो. माटोळीच्या दोरीला चारही टोकांना बोटभर व्हॅसलीन, चौरंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा परातीतल्या पाण्यात.

साखळी

फोंड्याच्या ताई, व्हॅसलीनचं फार उपयोगी. पहिल्या पावसानंतर दिव्यावर पंखवाले येतात, ते मुंग्या की वाळवी, हे कसं ओळखायचं? लाकडी वाशांचं घर आहे, काळजी वाटते.

पेडणे

आमच्या भाटात (माडांच्या बागेत) रोयण, म्हणजे वारूळ, आहे, तिला हात लावत नाही, सातेरी देवीचं स्थान म्हणून दिवा लावतो. रोयण वाळवीची, मुंग्यांची नव्हे. फरक ओळखणं सोपं आहे. दिव्याखाली पडलेला एक कीटक तळहातावर घ्या. कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या मोडलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांहून मोठे असतील तर ती मुंगी. दिवा मालवून झाडून टाका. कंबर जाड, मिशा सरळ मण्यांच्या माळेगत आणि चारही पंख सारखे असतील तर वाळवी. अशी वाळवी घराच्या आतून, भिंतीतून किंवा चौकटीतून निघत असेल तर वाशांना आणि चौकटीला टोच्याने टोचून बघा, पोकळ वाजतं का ते ऐका, भिंतीवर मातीची नळी दिसते का बघा. दिसली तर पाऊस वाढायच्या आत वाळवीचं काम करणाऱ्या जाणकाराला बोलवा, मुंग्यांचे हे उपाय तिथे चालणार नाहीत.