मदत हवी आहे: पोट न सुटता अंग भरायचंय, कुठून सुरुवात करू?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

वय २७, उंची ५ फूट ८ इंच, वजन ६६ किलो. हिंजवडीत आयटीत आहे, म्हणजे दिवसभर खुर्चीत. दंड बारीक, खांदे अरुंद, पण बेंबीशी टेप लावली तर ८९ सेंमी भरतं, शर्ट खांद्याला ढगळ आणि पोटावर ताणलेला. कपडे घातले की कुणी मला जाडा म्हणणार नाही, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) काढला तर २२, एकदम नॉर्मल.

आता एवढी काळजी का करतोय ते सांगतो. वडिलांना चाळिशीत शुगर निघाली, आजोबांनाही होती, आणि दोघंही असेच, हातपाय बारीक आणि पोट पुढे. मध्यंतरी डॉ. याज्ञिक आणि डॉ. युडकिन यांच्या त्या फोटोबद्दल वाचलं. आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय सेम टू सेम २२.३, पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, कारण माझं अगदी तसंच आहे, वजनकाट्यावर सगळं ठीक आणि आत मसल कमी, चरबी जास्त. त्यामुळे डोले दाखवायचे म्हणून नाही, मला खरंच मसल वाढवायचंय आणि ते करताना पोट अजून वाढलेलं अजिबात चालणार नाही.

गेल्या महिन्यात जिम लावली. तिथला ट्रेनर म्हणतो तू बारीक आहेस, आधी बल्क कर, म्हणजे भरपूर खाऊन वजन वाढव, दिसेल ते खा, मास गेनर (वजन वाढवायची पावडर) घे, सहा महिन्यांनी कटिंग करू, म्हणजे चरबी उतरवू. घरी आई म्हणते आधी पोट कमी कर, रात्रीचा भात बंद. ऑफिसातला एक मित्र सहा महिने दणकून खाऊन ११ किलो वाढला, त्यातलं दंडावर किती गेलं देव जाणे, पँटी मात्र सगळ्या नव्या घ्याव्या लागल्या. त्याला बघून बल्कची भीतीच बसलीये. आणि कमी खाल्लं तर आहे ते मसलही जाईल असंही वाटतं. मग करू काय?

खाणं असं आहे: सकाळी पोहे नाहीतर उपमा आणि चहा, डब्यात तीन पोळ्या, भाजी, एखादी वाटी आमटी किंवा उसळ, संध्याकाळी परत चहा आणि चिवडा वगैरे, रात्री दोन पोळ्या, वरण-भात. परवा बसून प्रोटीन मोजलं, जेमतेम ४५ ग्रॅम. आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या) हिशोबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम म्हणजे माझ्या वजनाला ५५ तरी पाहिजे, आणि व्यायाम करणाऱ्यांनी १.६ च्या आसपास घ्यावं म्हणतात म्हणजे १०५! एवढं घरच्या जेवणात बसवायचं कसं? अंडी खातो पण घरात शिजत नाहीत, बाहेर खावी लागतात, चिकन कधीतरी रविवारी आणि तेही बाहेरच. सोमवार-गुरुवार पूर्ण शाकाहारी.

व्यायामाचं म्हणाल तर ट्रेनरने सहा दिवसांचं शेड्यूल दिलंय, एक दिवस नुसती छाती, एक दिवस नुसते बायसेप्स असं. ऑफिसमुळे सहा दिवस जमणं कठीण आहे, तीन दिवस पक्के जमतील. तीन दिवसांत काही होतं का? आणि पोटासाठी रोज क्रंचेस मारू का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

लालमाती

भावा, तुझं पोट बघून ट्रेनरने बल्क सांगितलं असेल तर त्याने टेप काढलेलीच नाही. आपल्याकडच्या पुरुषांना कंबर ९० सेंमीच्या आत ठेवा असं सांगतात, तू ८९ वर आहेस. तुला बल्क बिल्क काही करायचं नाही. नवीन माणसाला एक मोठा फायदा असतो तो वाया घालवू नकोस, अंगाने कधी वजन उचललेलं नसतं त्यामुळे पहिले काही महिने मसल वाढणं आणि थोडी चरबी उतरणं दोन्ही एकदम होऊ शकतं, जुन्या लोकांना हे सहज जमत नाही. त्यासाठी जेवढं खातोयस साधारण तेवढंच खायचं, त्यातलं प्रोटीन वाढवायचं आणि वजनं उचलायची. तुझ्या वजनाला आणि बैठ्या कामाला दिवसाला २१००-२२०० कॅलरी धर, तिथून सुरू कर. दोन-तीन महिन्यांनी कंबर कमी होऊन वजन अडकलं की मग दोनशेच्या आसपास कॅलरी वाढव, म्हणजे एक ग्लास दूध आणि एक केळं, एवढंच. त्या वेळी महिन्याला अर्धा-पाऊण किलो वाढलं तर उत्तम, किलोच्या वर जायला लागलं आणि कंबर पण वाढली तर समज जास्तीचं चरबीत चाललंय.

मी मूळचा कोल्हापूरचा, लहानपणी तालमीत जायचो म्हणून हे आवर्जून सांगतो. लोक पैलवानांचा खुराक बघतात, दूध, तूप, बदामाची थंडाई, आणि घरी बसून तेच प्यायला लागतात. तो खुराक पहाटेपासूनच्या मेहनतीला आहे, शेकड्यांनी जोर-बैठका, मग लाल मातीत लढती, संध्याकाळी परत मेहनत. आपण तासभर जिम आणि नऊ तास खुर्ची, आपल्याला तूप चमच्याने मोजूनच घ्यावं लागतं. एक मोठा चमचा तेल किंवा तूप म्हणजे १२० च्या आसपास कॅलरी, आणि भाजीत, पोळीवर, फोडणीत ते कधी चार चमचे होतं कळत पण नाही. आईला भात बंद करू देऊ नकोस, तेल बघायला सांग.

तीन दिवस भरपूर झाले, उलट तुझ्यासाठी तेच बरोबर. एकदा व्यायाम केला की स्नायूची बांधणी साधारण एक-दोन दिवस जोरात चालते, मग मंदावते. छाती आठवड्यातून एकदाच मारली तर बाकीचे दिवस ती नुसती बसून आहे. सोम-बुध-शुक्र पूर्ण शरीर कर. स्क्वॉट किंवा लेग प्रेस, डंबेल बेंच प्रेस, लॅट पुलडाऊन, रोमानियन डेडलिफ्ट, एक रोइंग आणि शोल्डर प्रेस. प्रत्येकाचे तीन सेट (फेऱ्या), एका सेटमध्ये ८ ते १२ रेप्स, म्हणजे तेवढ्या वेळा उचलायचं, सेट संपताना अजून एक-दोन निघतील असं वाटलं पाहिजे, तिथे थांब. मोठ्या व्यायामात दोन-तीन मिनिटं बस, घाई नको. आणि एक वही ठेव, ही वही सगळ्यात महत्त्वाची आहे. आज बेंचला १० किलोचे डंबेल, १०, ९, ८ असं लिहायचं. तिन्ही सेट १२ झाले की पुढच्या वेळी १२.५ चे डंबेल उचलायचे, रेप्स परत आठावर येतील, येऊ देत. सहा महिने तेच वजन उचलणारे लोक जिममध्ये ढिगाने आहेत, त्यांचं अंग जसंच्या तसं असतं कारण शरीराला बदलायचं कारणच दिलेलं नसतं.

क्रंचेसने पोटाची चरबी जात नाही, ज्या भागाचा व्यायाम केला तिथलीच चरबी जळते असं शरीर चालतच नाही. त्याऐवजी जेवण झाल्यावर चाल, लंचनंतर १५ मिनिटं बिल्डिंगला चक्कर मार, घरात शुगर आहे त्यांना तर हे फारच उपयोगी. आणि झोप सात-आठ तास, ती बुडवून काहीही कर, अंग भरणार नाही.

मेतकूट

दादा, प्रोटीनचं मी सांगते, माझ्या नवऱ्याचा आणि माझा दोघांचा डबा मीच करते आणि मी स्वतः दोन वर्षं वजनं उचलते. १०५ आकडा बघून घाबरू नका, हळूहळू ९० पर्यंत आलात तरी खूप फरक पडेल.

तुमच्या डब्यात चूक काही नाही, प्रमाण उलटं आहे एवढंच. आमटीची वाटी लहान आणि पोळ्या तीन. पातळ आमटीच्या वाटीत प्रोटीन पाच-सहा ग्रॅमच असतं, पाणीच जास्त. उसळ घट्ट आणि दीड-दोन वाट्या, पोळ्या दोन करा. मग सगळ्यात स्वस्त आणि मस्त म्हणजे सोया चंक्स, ५० ग्रॅम कोरडे घेतले तर २५-२६ ग्रॅम प्रोटीन आणि तेल जवळजवळ नाहीच. लोकांना वास आवडत नाही कारण नीट करत नाहीत. मीठ घातलेल्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे, मग हाताने घट्ट पिळायचे, परत गार पाण्यात टाकून परत पिळायचे, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग दही, आलं-लसूण, गोडा मसाला लावून अर्धा तास ठेवा आणि कांद्यावर परता. खिम्यासारखं बारीक करून घातलं तर घरातल्यांना कळत पण नाही.

सकाळचे पोहे ठेवा पण कमी, सोबत मुगाचं धिरडं घ्या. हिरवे मूग रात्री भिजवून सकाळी मिक्सरला लावायचे, आलं-मिरची, आत किसलेलं पनीर. पनीर १०० ग्रॅमला १८ ग्रॅम प्रोटीन देतं पण फॅट २० च्या वर असतं, त्यामुळे तुमच्या पोटाचा विचार केला तर रोज ५०-६० ग्रॅम पुरे, किंवा घरी गायीच्या दुधाचं करा. दाण्यांचं पण तसंच, मूठभर दाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रोटीन आणि कॅलरी १७० च्या पुढे, प्रोटीन म्हणून दाण्याचा कूट खात सुटलात तर पोट नक्की वाढेल. संध्याकाळच्या चिवड्याऐवजी फुटाणे, सालासकट. रात्री जेवणात वाटीभर दही, आणि ते सुती फडक्यात तासभर टांगलं की पाणी जाऊन दाट होतं, तेवढ्याच वाटीत प्रोटीन जास्त बसतं.

ऑफिसला जाताना टपरीवर चार उकडलेली अंडी खाल्लीत तर २४ ग्रॅम तिथेच झाले. घरात शिजत नाहीत तर नका शिजवू, आईला दुखवून काही मिळवायचं नाहीये.

औषधवाला

माझं मेडिकल आहे, रोज मुलं मास गेनर मागायला येतात म्हणून लिहितो. डबा उलटा करून मागे वाचा, पहिलाच घटक माल्टोडेक्स्ट्रिन दिसेल, ती झटकन रक्तात जाणारी साखरच धरा. ज्याच्या वडिलांना आणि आजोबांना शुगर आहे त्याने हे अजिबात घेऊ नये. घरच्या जेवणात भागलं नाही तर साधं व्हे प्रोटीन, एक स्कूप, २४ ग्रॅमच्या आसपास मिळतं, सोमवार-गुरुवारी कामाला येईल कारण ते दुधाचंच असतं. घेताना डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा) १४ आकडी नंबर बघा आणि बिल घ्या, सुटं पॅक केलेलं घेऊ नका.

क्रिएटिन मोनोहायड्रेट (व्यायामात ताकद वाढावी म्हणून घेतात ती पावडर) घेतलंत तर रोज ३ ते ५ ग्रॅम, कधीही, सुरुवातीला जास्त डोस घ्यायची गरज नाही. पहिल्या काही आठवड्यांत वजन एखाद किलो वाढेल, ते स्नायूतलं पाणी असतं, चरबी वाढली समजून जेवण कमी करू नका. रक्त तपासताना क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) थोडं वर दिसू शकतं, डॉक्टरांना सांगून ठेवा. किडनीचा काही त्रास असेल तर मात्र प्रोटीन आणि क्रिएटिन दोन्ही डॉक्टरांना विचारूनच.

आणि सुरू करायच्या आधी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट), व्हिटॅमिन डी आणि बी१२ करून घ्या. शाकाहारी घरांत बी१२ कमी निघतं आणि मग माणूस दमतो, जिम करवत नाही. शेवटचं, कुणी जिममध्ये इंजेक्शन किंवा गोळ्या सुचवल्या तर ती जिम सोडा. स्टेरॉइडने शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनणं बंद पडतं, लिव्हर आणि हृदयाला त्रास होतो, आणि माझ्या काउंटरवर मूल होत नाही म्हणून औषध घ्यायला आलेली तिशीतली मुलं मी बघितली आहेत.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कुणी समजावलं नव्हतं. तीन दिवसांचं शेड्यूल ट्रेनरला दाखवून सुरू करतो, वही आजच घेतली. टेस्ट शनिवारी करतोय. एक विचारायचं राहिलं, कंबर कधी मोजू आणि श्रावणात काय करू? सोमवारी उपास असतो आणि त्याच दिवशी जिम.

लालमाती

आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, पोट आत न ओढता. वजन रोज बघ पण सात दिवसांची सरासरीच धर, एका दिवसाचं मीठ आणि पाणीच किलोभर इकडे-तिकडे करतं. जिममधल्या चरबी सांगणाऱ्या मशीनवर विसंबू नकोस, पाणी प्यायल्यावर पण तो आकडा बदलतो.

मेतकूट

श्रावणी सोमवारी साबुदाणा खिचडी टाळा, साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च आणि वरून तूप. राजगिऱ्याची लापशी दुधात, टांगलेलं दही, थोडं पनीर जिरं-मिरचीवर परतून, ताक, मूठभर दाणे, एवढ्यात ४०-४५ ग्रॅमच्या जवळपास जाल. उपासाला व्हे चालतं का हे आईला विचारा, आमच्याकडे चालतं. नाहीच जमलं तर त्या महिन्यापुरती जिम मंगळ-गुरु-शनि करा, उपाशीपोटी स्क्वॉट नको.