वडिलांना संसद दाखवायचीय, पास आणि चालण्याबद्दल विचारायचं होतं

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. आमचे अप्पा, वय 76, पंचगंगा साखर कारखान्यातून रिटायर झालेले. दिवाळीनंतर त्यांना दिल्लीला न्यायचं ठरतंय. ताजमहाल नको, लाल किल्ला नको, कुतुबमिनार तर नकोच. "रत्नाप्पाण्णांनी ज्या हॉलात घटनेवर सही केली तो हॉल दाखव, आणि शाहू महाराजांचा पुतळा. मग घरी चल," असं म्हणतात. रत्नाप्पाण्णा कुंभार म्हणजे आमच्या घरात देवघराच्या खालोखाल. कारखाना त्यांनीच उभा केला आणि अप्पांची चूल त्याच्यावर पेटली.

आता अडचण अशी की संसद आता दोन झाल्यात. जुन्या इमारतीत नेतात का? पास कसा काढायचा? अप्पांचा उजवा गुडघा कामातून गेलाय, किती चालायला लागतं? कुणी स्वतः जाऊन आलं असेल तर सांगा. ऐकीव नको.

फळाखडू
मी जाऊन आले, गेल्या जानेवारीत. आम्ही बारा जणी, सगळ्या रिटायर शिक्षिका. 31 वर्षं मी नागरिकशास्त्र शिकवलं. फळ्यावर गोल काढायचा, आत तीन खोल्या काढायच्या, लोकसभेत हिरवा गालिचा, राज्यसभेत लाल. पण संसद कधी पाहिलेली नव्हती. वर्गात कुणी विचारलंही नाही, नाहीतर पंचाईत होती.

पास आम्ही खासदारांच्या ऑफिसातून पत्र देऊन काढला. अधिवेशन नसतानाची तारीख मागा, म्हणजे सभागृहात आत नेऊन दाखवतात. नाव आधारवर आहे तस्संच लिहा. मी अर्जावर सवयीनं माहेरचं आडनाव लिहिलं आणि बाकी अकरा जणींना गेटवर तासभर थांबवून ठेवलं. पर्समध्ये सासूबाईंचा पितळी अडकित्ताही राहिला होता. तपासणीच्या यंत्रातून पर्स गेली, आतल्या बाईंनी तो बाहेर काढला, दोनदा उघडमीट केला आणि माझ्याकडं असं बघितलं की मीच लाजले. सुपारी कातरून दाखवू का म्हणणार होते, पण हिंदीत अडकित्त्याला काय म्हणतात ते आठवेना. तो बाहेर ठेवून आत गेले.

जुन्या इमारतीला आता संविधान सदन म्हणतात, सप्टेंबर 2023 पासून. आम्हाला तिथं नेलं. अप्पांचा हॉल तोच, सेंट्रल हॉल. 9 डिसेंबर 1946 ला घटना समितीची पहिली बैठक इथंच झाली आणि 24 जानेवारी 1950 ला 284 सभासदांनी घटनेवर सह्या केल्या त्याही इथंच. आपले निमशिरगावचे रत्नाप्पाण्णा त्यातले एक. दारावर 'अयं निजः परो वेति' हा श्लोक आहे, तो मी मोठ्यानं वाचला, सवय जात नाही. आत शिरल्यावर मला आधी काय दिसलं असेल, तर पंखे. घुमट इतका उंच की वरून पंखे टांगून वारा खाली यायचाच नाही, म्हणून जमिनीतून उंच दांडे उभे केलेत आणि टोकाला पंखे उलटे बसवलेत. उसाच्या फडात तुरे उभे राहावेत तसे. आमच्यातल्या एकीनं विचारलं, "हे झाडू कसे काढत असतील?" भिंतीवर मोठमोठ्या तसबिरी आहेत. टिळकांची सापडली, बाबासाहेबांची सापडली. बाबासाहेबांची इथं लागली कधी, तर 1990 ला. ज्यांनी घटना लिहिली त्यांची तसबीर लागायला चाळीस वर्षं गेली. हे मी मुलांना कधी सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं.

बाहेरच्या गोल व्हरांड्यातले खांब 144 आहेत. मोजायला सुरुवात केली, तिसाच्या पुढं गेले नाही, कारण गट पुढं निघाला. तीच तक्रार आहे. गडबड फार. अप्पांना सेंट्रल हॉलमध्ये दहा मिनिटं पाहिजेत असं सोबतच्या माणसाला आधीच सांगा.

नवीन इमारत त्रिकोणी. लोकसभेला 888 खुर्च्या, राज्यसभेला 384, सागवान म्हणे नागपूरचं. लोकसभेत मोर, राज्यसभेत कमळ. बघण्यासारखं आहे, पण नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला गेल्यासारखं वाटलं. एक गोष्ट मात्र सोडू नका. संविधान हॉलमध्ये वरून एक लंबक सोडलाय, 22 मीटर उंचीवरून, खालचा गोळा 36 किलोचा. फुकोचा लंबक. पृथ्वी फिरते हे त्यावरून डोळ्यांना दिसतं. त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू फिरत जाते, तिचा एक फेरा पूर्ण व्हायला दिल्लीत 49 तास 59 मिनिटं 18 सेकंद लागतात. आमच्या सायन्सच्या बाई तिथंच खिळल्या, त्यांना हाताला धरून आणावं लागलं.

गुडघ्याचं म्हणाल तर चालणं बरंच आहे. पत्रातच लिहून द्या की चालायला त्रास आहे.

गडहिंग्लजचा_दिल्लीत
बाईंनी सगळं सांगितलंच. मी इथं परीक्षेच्या नादात तिसरं वर्ष काढतोय, म्हणून दोन-चार गोष्टी.

सेंट्रल सेक्रेटेरिएट मेट्रो स्टेशनला उतरा, यलो आणि व्हायोलेट दोन्ही लाइन तिथं येतात. पण अप्पांसाठी सरळ रिक्षा करा. मोबाइल आत चालत नाही, त्यामुळं चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते आधीच ठरवा. माझे मामा आणि मी गेटच्या दोन बाजूंना पाऊण तास उभे होतो, एकमेकांना शिव्या देत.

कोल्हापूरहून निजामुद्दीनची थेट गाडी आठवड्यातून एकदाच आहे. तारीख जुळली नाही तर मिरजेहून गोवा एक्स्प्रेस धरा. आणि पुतळ्याचं: शाहू महाराजांचा पुतळा 17 फेब्रुवारी 2009 ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते बसला. 2024 मध्ये आवारातले पुतळे एका जागी आणले, त्याला प्रेरणा स्थळ म्हणतात. शिवाजी महाराज, फुले, बाबासाहेब सगळे तिथं. आपणहून तिकडं नेतीलच असं नाही, मागून घ्या.

रंकाळाबाजू
रिकाम्या खुर्च्या बघायला दीड हजार किलोमीटर? अधिवेशन चालू असताना न्या की. गॅलरीत बसून भांडणं बघितली तर पैसे वसूल.

गडहिंग्लजचा_दिल्लीत
भावा, गॅलरीचा पास म्हणजे खासदारानं लिहून द्यायचं असतं की या माणसाला मी स्वतः ओळखतो, जबाबदारी माझी. डिसेंबर 2023 ला गॅलरीतून दोघं जण उड्या मारून खाली उतरले आणि धूर सोडला, तेव्हापासून तर जास्तच कडक. मिळाला तरी तासाभराचा असतो, आणि त्या तासात कामकाज तहकूब झालं तर रिकाम्या खुर्च्याच बघायच्या. फरक एवढाच की गप्प बसून.

फळाखडू
आणि गॅलरी नव्या इमारतीत. अप्पांचा हॉल जुन्यात. ते भांडणं बघायला चाललेले नाहीत.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे आभार. बाई, तुमचं सगळं अप्पांना वाचून दाखवलं. पंख्यांचं दोनदा वाचायला लावलं. रत्नाप्पाण्णा कुठल्या बाकावर बसायचे ते कुणी सांगेल का, असं विचारत होते. मी म्हटलं, कुठल्याही बाकासमोर उभं राहा आणि हाच म्हणा. ते त्यांना पटलेलं नाही.

खासदारांच्या ऑफिसला सोमवारी जातोय. आधार तपासलं, अप्पांचं नाव तिथं वडिलांच्या नावासकट एका शब्दात जोडून छापलंय, ते आधी दुरुस्त करायला लागणार. आता त्यांचा एकच प्रश्न राहिलाय. तंबाखूची चंची आत चालेल का?

फळाखडू
नाही हो. माझ्या अडकित्त्याशेजारी ठेवायला लागेल.