तंबोऱ्याची जवारी

इलेक्ट्रॉनिक तंबोरा असताना मिरजेचा कशाला, असं काही जण विचारतात. जवारीसाठी, म्हणजे तारेच्या त्या भरीव, घुमणाऱ्या नादासाठी! घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं घासून अगदी हलका उतार द्यायचा, तारेखाली सुती दोरा सरकवत राहायचं; मग एका जागी तार स्वरांचा अख्खा पसारा घेऊन बोलू लागते. हे मोजपट्टीनं जमत नाही, कानानंच जमतं. मिरजेत तो कान शिकलगारांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. मूळची शस्त्रांना धार लावणारी ही मंडळी, संस्थानी काळात फरीदसाहेब या कारागिरापासून तंतुवाद्यांकडे वळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, फार आनंद झाला. पण जवारी काढणाऱ्याच्या मेहनतीचे पैसे घासाघीस न करता देणारं गिऱ्हाईकही हवं. गाणं शिकणाऱ्यांनो, तंबोरा घ्याल तेव्हा मिरजेत जाऊन, कारागिराशेजारी बसून, ऐकून घ्या.